उजवा घोडा

नव्या वर्षाचं कॅलेंडर टांगायला भिंतीत खिळा ठोकायचा होता आणि घरात हातोडी नव्हती. मुकुंदवाडीतल्या त्या एका खोलीत ठोकण्याजोग्या वस्तू दोनच होत्या. एक वरवंटा आणि दुसरी बंदूक. वरवंट्याने मंजुळाबाई मिरच्या वाटत होती. म्हणून सूर्यभानने बंदूक उचलली, आत काडतूस नाही याची दोनदा खात्री केली आणि तिच्या लाकडी दस्त्याने खिळ्यावर दोन ठोके घातले. खिळा शहाण्यासारखा आत गेला. तिसऱ्या ठोक्याला बंदूक हातातून सुटली आणि फरशीवर आपटली. टण्ण असा आवाज झाला, आणि काळ्या लोखंडाचा एक तुकडा घरंगळत दाराशी गेला. सूर्यभानने झटकन त्याच्यावर पाय ठेवला.

“काय पडलं?” मंजुळाबाईने मान वर न करता विचारलं.

“काय नाय.”

“काय नाय, तर वाजलं काय?”

“खिळा.”

“खिळा तर भिताडात हाय. पाय उचला बरं.”

सूर्यभानने पाय उचलला. मंजुळाबाईने तुकडा हातात घेतला आणि तिचा चेहरा उतरला. बंदूक तिच्या वडिलांची होती. सोनाजी मेंढरं घेऊन गोदावरीकाठाने हिंडायचे, तेव्हा लांडग्यांसाठी त्यांनी ती घेतली होती. मंजुळाबाईला मुळाक्षरं कधी आली नाहीत, पण बंदुकीच्या अवयवांची नावं लहानपणापासून पाठ होती. दोन नळ्या, दोन चाप, आणि नळ्यांच्या मागे दोन घोडे. घोडा अंगठ्याने मागे ओढायचा, चाप दाबला की तो काडतुसावर आदळतो आणि बार उडतो.

“उजवा घोडा हाय ह्यो. मान मोडली त्याची,” ती म्हणाली. “माझ्या बापाची म्हनून मुद्दाम आपटली का?”

“आगं, मुद्दाम कशाला आपटीन? पोट हाय तिच्यावर आपलं.”

हे मात्र खरं होतं. सात वर्षांपूर्वी सूर्यभान गाव सोडून औरंगाबादला आला, तेव्हा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत रोज नवी शेड उभी राहत होती. पाचोडच्या बड्या जमीनदार घरातले तात्यासाहेब यांनीही तिथे पंपाचे सुटे भाग बनवायचा कारखाना काढला होता. त्यांना वॉचमन हवा होता, पण बंदूकवाला, आणि बंदूक स्वतःची. सूर्यभानचं शिक्षण, वय, उंची कुणी विचारली नाही. सासऱ्यांच्या पश्चात परवाना त्याच्या नावावर झाला होता, तेवढ्यावर तो गेटवर उभा राहिला. या सात वर्षांत त्याने एकदाही बार काढला नव्हता. बंदूक खांद्यावर दिसली म्हणजे झालं. त्यामुळे घोडा मोडला तरी कुणाला कळायचं कारण नव्हतं. मंजुळाबाईने तो तुकडा कणकेने जागच्या जागी चिकटवून दिला, वर तव्याची काजळी फासली, आणि सूर्यभान कामावर गेला.

तिसऱ्याच दिवशी गेटवर हवालदार आला.

दिवस तंग होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, नामांतराचा प्रश्न सोळा वर्षं लोंबकळत होता आणि आता कोणत्याही दिवशी निर्णय लागणार अशी हवा होती. चौकाचौकात पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या. चार माणसं पानाच्या टपरीवर जमली तरी पाचवा येऊन विचारायचा, काय चाललंय.

“दहा तारखेला समद्या बंदूकवाल्यांनी बंदूक घेऊन ठाण्यात यायचं,” हवालदाराने सांगितलं. “घोडा ओढून, चाप दाबून दाखवायचा. बंदूक मोडकी निघाली, तर परवाना रद्द. मग करत बसा शेती.”

हे बोलणं चालू असताना तात्यासाहेब मागे येऊन उभे होते. तात्यासाहेबांचा स्वभावच संशयी. कामगारांच्या डब्यातली भाकरी ते उलटून पाहायचे. त्यांची नजर सूर्यभानच्या खांद्यावर स्थिरावली.

“सूर्यभान, तुझ्या बंदुकीला मुंग्या लागल्यात.”

सूर्यभानने तिरक्या नजरेने पाहिलं. कणकेचा सुगावा लागून मुंग्यांची रांग पट्ट्यावरून घोड्याकडे चालली होती.

“तेल लावलंय, साहेब. गोडं तेल.”

“बंदुकीला गोडं तेल?”

“थंडीचं आखडती ती.”

तात्यासाहेब केबिनकडे वळले. पण आत जाताना त्यांनी दोनदा वळून पाहिलं.

दुपारच्या सुट्टीत सूर्यभान पुंजारामकडे गेला. पुंजाराम हा कारखान्यातला सगळ्यात हुशार टर्नर. लेथवर तो केसाइतकं लोखंड उतरवायचा. शेडमागच्या लिंबाखाली तो डबा खात बसला होता. सूर्यभानने इकडेतिकडे पाहून रुमालाची गाठ सोडली आणि मोडका घोडा त्याच्यापुढे ठेवला.

“असला एक करून देतो का, पुंजाराम? दहा तारखेच्या आत पाहिजे.”

पुंजारामचा घास हातातच राहिला. “बंदुकीचा हाय ना ह्यो?”

“व्हय.”

“कुणावर चालवायचीय?”

“कुणावर बी नाय. तपासणीला दाखवायचीय.”

“आन् तपासणी झाल्यावर?”

“परत खांद्यावर.”

“आन् नावाचा निकाल लागल्यावर?”

सूर्यभानला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पुंजारामच्या खिशाला निळा बिल्ला होता. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आगी लागल्या, त्यात गावातलं त्याचं घर जळालं. त्या संध्याकाळी वस्तीच्या तोंडाशी एक माणूस परवान्याची बंदूक घेऊन नुसता उभा होता. त्याने ती कुणावर रोखली नव्हती, पण त्याच्यापुढून पाणी आणायलासुद्धा कुणाला जाता आलं नव्हतं. हे पुंजारामने पूर्वी एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, आणि सूर्यभानला ते आत्ता आठवलं.

सूर्यभान थोडा वेळ लिंबाच्या काड्या मोडत बसला. मग म्हणाला, “असं कर. ही बंदूक जिथं जाईल, तिथं तू बी चल. जे व्हायचं ते तुझ्या डोळ्यादेखत होऊ दे. तपासणीपतुर तिला नजरेआड करू नकोस.”

“येणारच व्हतो,” पुंजाराम म्हणाला. “तू नसतं बोलावलं तरी.” मग त्याने घोडा उचलला, उजेडात फिरवला आणि परत दिला. “हे लेथचं काम नाय. हे कानशीचं काम हाय. गुलमंडीच्या मागं एक म्हातारा हाय, नजीर उस्ताद. तो कबूल झाला तर झालं.”

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर दोघे निघाले. बंदूक घोंगडीत गुंडाळलेली, परवाना छातीच्या खिशात. गुलमंडीपर्यंत पोलिसांनी चार वेळा थांबवलं आणि चारही वेळा परवाना बघून झाल्यावर पुंजारामला विचारलं, “तू कोण?” पुंजाराम सांगायचा, “बंदुकीसंगं आलोय.” हे उत्तर कुणालाच आवडत नव्हतं.

उस्तादांचं दुकान बोळाच्या टोकाला होतं. पाटीवर लिहिलं होतं, ‘स्टोव्ह, कुलूप, शिलाई मशीन दुरुस्त करून मिळेल.’ बंदुकीचं नाव नव्हतं. आत जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक सत्तरीचे गृहस्थ स्टोव्हच्या बर्नरमध्ये फुंकर घालत होते. दारात दोघे दिसताच त्यांनी फुंकर अर्धीच ठेवली.

“क्या होना जी?”

“उस्ताद, बंदुकीचं काम होतं,” सूर्यभान म्हणाला.

“बंदूक? वो क्या होती?”

“बंदूक हो. बार उडवायची.”

“मेरेकू नहीं मालूम. मैं स्टोव्ह का आदमी हूँ.”

सूर्यभानने परवाना पुढे केला. उस्तादांनी तो दुरूनच पाहिला. एकाच्या काखेत घोंगडीतली लांबडी वस्तू, दुसऱ्याच्या खिशाला निळा बिल्ला. असल्या दिवसांत ही दोन माणसं एकत्र फिरतात म्हणजे यांना कुणीतरी पाठवलेलं असणार, असा हिशेब त्यांनी तिथल्या तिथे मांडला.

“किसने भेजा तुमना? ठाणेवालोंने?”

“कुणी नाय पाठवलं. घोडा मोडलाय.”

“घोडा मोड्या तो टांगेवाले कने जाव ना.”

सूर्यभानने रुमाल सोडून तुकडा समोरच्या फळीवर ठेवला. उस्तादांनी तिकडे न पाहता पाहिलं. “कुलूप का खटका है ये,” ते म्हणाले आणि पुन्हा बर्नर उचलला.

दोघे परतायला वळले. जाता जाता पुंजाराम सूर्यभानला म्हणाला, “जाऊ दे. बिडाचं ओतीव काम हाय, मोडणारच. तसला दुसरा ओतून घेऊ कुठंतरी.”

“बीड?” मागून बर्नर आदळल्याचा आवाज आला. “आँखा फुटे क्या तुम्हारे? ओतीव है ये? ठोक ठोक के घड्या हुआ माल है! ये नक्शी देख, ये फूल की पाकळी देख, हाताने कोरली आहे ती. विलायतेत एका माणसाचे आठ दिवस गेले असतील ह्याच्यावर, आणि बीड म्हणतो!”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते उस्तादांच्या लक्षात आलं. त्यांनी बोळात डावीउजवीकडे पाहिलं, दोघांना आत ओढलं आणि दाराची एक फळी लावून घेतली.

“तुम्ही इथं आला नाहीत,” ते म्हणाले. “मी तुम्हाला बघितलं नाही. माझं नाव कुठं निघायचं नाही. कसम खाव.”

सूर्यभानने बिरोबाची शपथ घेतली. उस्तादांचं एकावर भागलं नाही, म्हणून पुंजारामने बाबासाहेबांची घेतली. मग उस्तादांनी फळीखालून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला आणि जमिनीवर उपडा केला. घोडेच घोडे. लहान, मोठे, नक्षीचे, साधे. चाळीसएक असतील. सूर्यभानचा जीव भांड्यात पडला.

“ह्यातला एखादा बसंलच की!”

“सब डावे,” उस्ताद म्हणाले.

“आं?”

“माणूस पहिला बार उजव्या नळीचा काढतो. उजवा घोडा झिजतो, मोडतो. तीस वर्षं लोक माझ्याकडं उजवाच मागतात. डावे मेरे कने पडे रहते.” त्यांनी डब्यातला एक घोडा उचलून प्रेमाने पुसला. “नया घडना पडता. लोखंड पाहिजे. नरम भी नक्को, कडक भी नक्को.”

“तसलं लोखंड हाय,” पुंजाराम म्हणाला. “आमच्या भंगारात जुन्या शाफ्टचा तुकडा पडलाय.”

उस्तादांनी शिसपेन्सिलीने घोड्याची आकृती एका कागदावर काढून माप लिहून दिलं, तेवढाच तुकडा यावा म्हणून. बंदूक मात्र दुकानात ठेवायला सूर्यभान तयार होईना. नळ्या बदलल्या तर? उस्तादही ठेवून घ्यायला तयार होईनात. झडती झाली तर? पुंजारामला तर ती दोघांच्याही हाती सोडायची नव्हती. शेवटी रोज न्यायची, रोज आणायची असं ठरलं.

दुसऱ्या संध्याकाळी पाळी सुटली तेव्हा गेटवर झडतीला स्वतः सूर्यभान उभा होता आणि शेजारी तात्यासाहेब खुर्ची टाकून बसले होते. पुंजाराम आला. त्याच्याकडे स्टोअरकीपरची चिठ्ठी होती, ‘शाफ्टचा तुकडा, नग एक, बिनकामाचा.’ सूर्यभानने चिठ्ठी पाहिली आणि म्हणाला, “जा.”

“थांब,” तात्यासाहेब म्हणाले. “बिनकामाचा तुकडा तू कशाला नेतोस?”

“वरवंटा करायचाय, साहेब.”

“लोखंडाचा वरवंटा?”

“दगडाचा फुटला.”

“सूर्यभान, खिसे बघ त्याचे.”

सूर्यभानने खिशात हात घातला. आत कागद आहे हे त्याला ठाऊकच होतं. तो त्याने जमेल तितका हळू बाहेर काढला. तात्यासाहेबांनी कागद आडवा धरला, उभा धरला.

“हे काय आहे?”

“पोपट,” सूर्यभान म्हणाला. प्रश्न पुंजारामला होता.

“पोपट?”

“लाकडाचा करणार हाय, पोरीसाठी,” पुंजारामने सावरून घेतलं. “ही चोच, ही शेपटी.”

“पोपटाच्या पोटात भोक कशाला?”

“टांगायला, साहेब.”

“चौकोनी भोक?”

तात्यासाहेबांनी कागद परत दिला आणि ते केबिनमध्ये गेले. काचेतून ते फोन फिरवताना दिसले. वॉचमन आणि टर्नर एकमेकांकडे बघतात, हे त्यांनी ठाण्यात कुणालातरी कळवलं असावं.

पुढचे चार दिवस दोघांनीही रात्रपाळी मागून घेतली. सकाळी पुंजाराम आत बसायचा आणि सूर्यभान उस्तादांच्या दुकानासमोर घोंगडी मांडीवर घेऊन बसायचा. बसल्या बसल्या पेंगायचा. त्याला बघून स्टोव्हचं एकही गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेना. उस्ताद त्याच्यावर चिडायचे, पण आत कानशीवर हात पडला की त्यांना जगाचा विसर पडायचा. त्यांनी शाफ्टचा तुकडा भट्टीत लाल केला, ठोकून त्याला मान आणली, चोच आणली. मग खरं काम सुरू झालं. घोडा चिमणीच्या ज्योतीवर धरून काळा करायचा, बंदुकीला बसवायचा, परत काढायचा. जिथली काजळी पुसली गेली असेल तिथे लोखंड जास्त आहे. तिथे कानशीचा एक हात. पुन्हा काजळी, पुन्हा बसवणं, पुन्हा एक हात. पहिल्या दिवशी संशयाने बघणारा पुंजाराम तिसऱ्या दिवशी गुडघे टेकून चिमणी धरत होता.

“आमच्याकडं मायक्रोमीटर लावत्यात ह्याला,” तो म्हणाला.

“वो तो जिसकू दिसता नहीं उसके वास्ते,” उस्ताद म्हणाले. पण बोलताना त्यांनी मान वर केली आणि पुंजारामच्या हातात कानस दिली. त्या दुकानात ती आजवर दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नव्हती. पुंजारामने एक हात फिरवला. उस्तादांनी बोटाने तपासलं आणि म्हणाले, “हौ. चलेगा.”

नऊ तारखेला घोडा बसला. डाव्या घोड्यावरच्या फुलासारखंच फूल त्याच्यावर कोरलेलं होतं. सूर्यभानने रिकामी बंदूक आढ्याकडे धरून घोडा ओढला. कट्, कट्. चाप दाबला. टक्. नवी तिजोरी बंद व्हावी तसा स्वच्छ आवाज आला.

“अब जाव,” उस्ताद म्हणाले. “और याद रखो, मेरा नाम नक्को.”

दहा तारखेला ठाण्याच्या आवारात अकरा बंदूकवाले रांगेत उभे होते. सूर्यभान अकरावा. त्याच्यामागे पुंजाराम, कारण त्याने तपासणीपर्यंतचा शब्द दिला होता. टेबलाशी फौजदार आणि रजिस्टर घेऊन हवालदार.

पहिला कचरू. त्याने घोडा ओढायला घेतला तो गंजून एकजीव झाला होता. दोन शिपायांनी ओढला तरी हलेना. दुसरा भिकन. त्याने चाप दाबला आणि चाप गळून बुटावर पडला. तिसरा सांडू. त्याची नळी फौजदारांनी उजेडाकडे धरून पाहिली तर पलीकडचं काही दिसेना. आत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. चौथ्याच्या बंदुकीला घोडेच नव्हते, तो म्हणाला, “गावाकडं राहिले.” सूर्यभानला वाटलं, आता या सगळ्यांची नोकरी गेली. त्याला त्यांची दया आली आणि स्वतःचा जरासा अभिमानही वाटला.

पण फौजदार एकेका बंदुकीसरशी खूश होत चालले होते. “लिहा,” ते हवालदाराला सांगत होते. “निकामी. धोका नाही.” दहावी बंदूक झाली तेव्हा त्यांनी चहासुद्धा मागवला.

“परवान्याचं काय साहेब?” कचरूने भीत भीत विचारलं.

“ते पुढं कलेक्टर ऑफिस बघेल. आत्ता मला एवढंच बघायचं होतं, की वसाहतीतली कुठली बंदूक चालते. एकही नाही. फार छान. न्या परत, दारात उभं राहायला पुरे. पुढचा कोण?”

सूर्यभान पुढे झाला. छाती काढून त्याने घोडा ओढला. कट्, कट्. चाप दाबला. टक्.

आवारातल्या चिमण्या उडाल्या. रांगेतले लोक मागे सरकले. फौजदारांनी चहाचा कप खाली ठेवला आणि खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

“ही चालते?”

“व्हय साहेब!”

“कशी काय?”

“दुरुस्त करून घेतली साहेब. कालच.”

“कालच? असल्या दिवसांत? कशासाठी?”

“तपासणीसाठी, साहेब.”

“तपासणी आहे म्हणून कुणी बंदूक दुरुस्त करतं का? ह्या दहा जणांनी केली?” फौजदारांनी रजिस्टरमधली एक चिठ्ठी काढून वाचली. “सूर्यभान तूच ना? पोपटवाला? आणि हा मागं कोण?”

“पुंजाराम, साहेब. बंदुकीसंगं येतो.”

“बंदुकीसंगं कशाला?”

“लक्ष ठेवायला,” पुंजाराम म्हणाला.

“कुणावर?”

“बंदुकीवर. आन् आधी ह्याच्यावर बी.”

“मग काय दिसलं?”

पुंजारामने एकदा सूर्यभानकडे पाहिलं.

“साहेब, माझा बिल्ला बघताय तुमी. ह्याच्या बंदुकीवर संशय घ्यायचा पहिला हक्क माझा हाय, आन् मी तो घेतला. सहा दिवस ही बंदूक माझ्या नजरंसमोर हाय. ह्यानं कॅलेंडरचा खिळा ठोकायला घेतला आन् घोडा मोडला. नोकरी जाईल म्हनून नीट करून घेतली. बाकी काय बी नाय. पाहिजे तर माझी सही घ्या.”

फौजदारांनी चिठ्ठी परत रजिस्टरात ठेवली. मग खुर्चीत बसले. “ह्याला सोडा. पण बंदूक इथं राहील, वातावरण निवळेपर्यंत. लिहा, चालू स्थितीत. कुणी दुरुस्त केली?”

सूर्यभानला शपथ आठवली. “जालन्याच्या एका म्हाताऱ्यानं, साहेब. नाव नाय ठाऊक.”

हवालदाराने लिहून घेतलं. आणि दहा जण दहा मोडक्या बंदुका खांद्यावर टाकून आपापल्या गेटवर पहारा द्यायला गेले. ज्याची बंदूक चालत होती, तो एकटा रिकाम्या हाताने बाहेर पडला.

सूर्यभान तरातरा गुलमंडीकडे चालू लागला. मागून पुंजाराम. दुकानात शिरल्या शिरल्या त्याने तोंड सोडलं. “उस्ताद, तुमी माझा घात केला! इतकी चांगली कशाला केली? जप्त झाली माझी बंदूक!”

उस्तादांनी चष्मा वर केला. “आवाज कैसा आया?”

“आवाजाचं काय घेऊन बसला? समदे घाबरले.”

“घाबरले?” उस्ताद जागेवरून उठले. “किती मागे सरले?”

“चार पावलं.”

“साहेब भी?”

“साहेब तर खुर्चीमागं गेले.”

उस्तादांनी डोळे मिटून घेतले. तीस वर्षांत त्यांच्या कामाची अशी पावती कुणी दिली नव्हती. स्टोव्ह पेटला म्हणून कुणी खुर्चीमागे जात नाही. “पूछे क्या, किसने बनाया?” त्यांनी हलकेच विचारलं.

“विचारलं. पण तुमचं नाव मी काढलं नाय, उस्ताद. शपथ पाळली. जालन्याच्या एका म्हाताऱ्यानं केली म्हनून सांगितलं.”

उस्तादांचे डोळे खाडकन उघडले. “जालन्याच्या?”

“रजिस्टरात लिहून घेतलं बी.”

“जालनेवालेने?” उस्तादांचा आवाज बोळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. “अरे, जालनेवाले कू कुलूप खोलना आता नहीं! मैं चार दिन आँखा फोडा, और रजिस्टर में नाम जालनेवाले का?” त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, दुकानाला कुलूप घातलं आणि चालू लागले. सूर्यभान आणि पुंजाराम त्यांच्या मागे जवळजवळ धावतच निघाले.

ठाण्यात फौजदारांपुढे उभं राहून उस्तादांनी आतल्या खिशातून मेणकापडाची पुडी काढली. तिच्यात बंदूक दुरुस्तीचा परवाना होता. दर मुदतीला नवा करून घेतलेला, शिक्क्यांसकट.

“परवाना आहे तर मग लपवता कशाला?” फौजदारांनी विचारलं.

“साहब, परवाना है बोले तो लोग बंदुका लेके आते. फिर तुम आते,” उस्ताद म्हणाले. “वो जालना काटो. नजीर उस्ताद लिखो.”

हवालदाराने जालना खोडलं आणि नाव लिहिलं. उस्तादांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. त्यांनी रजिस्टर पुंजारामपुढे धरलं. त्याने नाव वाचून दाखवलं. त्यावर विश्वास न बसून त्यांनी सूर्यभानला अक्षरं लावायला सांगितली. मग दारातून जाणाऱ्या एका अनोळखी माणसाला आत बोलावून त्याच्याकडून वाचून घेतलं. तिघांचं एकच निघालं, तेव्हा कुठे ते शांत झाले.

निघताना दाराशी ते थांबले. मन मोठं करून म्हणाले, “साहब, सुना बाकी के दस बंदुका बंद पडे हैं. मेरे कने भेज देव. आठ दिनमें सब चालू करके देता.”

फौजदार दोन्ही हात पुढे करून खुर्चीतून अर्धे उठले.

“नको, नको, उस्ताद! त्या आहेत तशाच राहू द्या!”